मासा मागतो म्हणून घालावे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

टाकीतल्या वाढ झालेल्या माशांना दिवसातून एकदाच खाद्य घालावे आणि आठवड्यातून एक दिवस काहीच घालू नये, हा माझा सल्ला आपल्याला निर्दयपणाचा वाटला. मांडवी नदीतला मासा दिवसभर खात असतो आणि आपल्या टाकीतला ऑस्कर जातीचा मासा तर माणूस दिसताच काचेपाशी येऊन मागतो, असे आपण लिहिले आहे.

नदीतला मासा दिवसभर खात नाही, दिवसभर शोधत असतो. शिवाय त्याला मिळणाऱ्या कोळंबीत किंवा अळीत तीन चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते, तर आपण घालतो त्या सुक्या दाण्यांत ते जेमतेम 10 टक्के असते. म्हणजे चिमूटभर दाण्यांत मूठभर भक्ष्याचे सत्त्व येते, आणि ते मिळवण्यासाठी माशाला शेपटीही फारशी हलवावी लागत नाही. मासा थंड रक्ताचा असल्याने शरीर ऊबदार ठेवण्यासाठी त्याला अन्न खर्चावे लागत नाही. उरलेली चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात साठते, ती बाहेरून लवकर कळत नाही. आपल्या ऑस्करकडे काचेतून न पाहता वरून पाहावे. कल्ल्यांच्या मागे दोन्ही कुशी फुगून डोके अंगाच्या मानाने लहान दिसत असेल, तर तो लठ्ठ झाला आहे. (खवले उभे राहिले असतील, तर मात्र तो लठ्ठपणा नसून आजार आहे.)

काचेपाशी येणे ही भूक नव्हे, सवय आहे. माणूस आला की खाद्य येते, हे ऑस्करसारखा हुशार मासा फार लवकर शिकतो आणि पोट भरलेले असतानाही येतो.

आपल्या गोव्यातल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तर अधिकच जपावे लागते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि नेमका पचनासाठी माशाला तो जास्त लागतो. उरलेले दाणे कुजून अमोनिया होतो तो वेगळाच. त्यात रात्री वीज जाऊन फिल्टर बंद पडला, तर सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात.

पिलांच्या बाबतीत आपले म्हणणे अगदी योग्य आहे. त्यांना दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यायलाच हवे.

चतुर्थीला मूळ घरी जाताना शेजाऱ्यांच्या हाती खाद्याचा डबा देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. निरोगी मोठा मासा चार-पाच दिवस उपाशी सहज राहतो. अगदीच राहवत नसेल, तर एकेका वेळचे मोजके दाणे कागदाच्या पुड्यांत बांधून द्यावेत.