ओटा फोडायची घाई नको

नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ग्रॅनाइटच्या ओट्यातून रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघतो, त्यात खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्या, म्हणून आपल्याला धोका जास्त. रेडॉन मोजायचं दोन दिवसांचं किट मागवा, आकडा 100 च्या वर गेला की ओटा काढा, तोवर एअर प्युरिफायर लावा.

रेडॉन थोतांड नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल त्याचं नाव येतं, आणि सिगारेट ओढणाऱ्याला त्याचा धोका न ओढणाऱ्याच्या साधारण 25 पट, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेसेजमध्ये सिगारेटचा उल्लेखच नाही!

ट्रॉम्बेचं आधी उरकून टाकू. घरातला रेडॉन अणुभट्टीतून येत नाही. माती-खडकातल्या युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून रेडॉन, अशी ती साखळी. उघड्यावर तो वाऱ्यात विरतो आणि 3.8 दिवसांत निम्मा उरतो. घरात शिरतो तो मुख्यतः पायाखालच्या जमिनीतून. आपल्या पायाखाली पारसिकच्या खाणींत दिसतो तोच काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. त्यात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी.

ग्रॅनाइटमध्ये युरेनियम असतं, हे मेसेजवाल्याचं बरोबर. पण ओट्याची लादी जेमतेम दोन सेंटिमीटरची, तिच्यातून सुटणारा वायू सहसा नगण्य. शिवाय ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा दगड बऱ्याचदा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, बेसाल्टच्याच कुळातला. चौदाव्या मजल्यावर ओटा फोडून हाती येईल ते डेब्रिज उचलायचं बिल.

त्या चौदाव्या मजल्याखाली स्टिल्ट पार्किंग असतं, म्हणजे जमीन आणि घर यांच्यामध्ये वारं खेळतं. तपासायचंच असेल तर कोपरखैरणे-ऐरोलीतली सिडकोची रो-हाउस आणि गावठाणातली तळमजल्याची घरं तपासा. तिथे फरशीखाली थेट भराव किंवा माती. लाद्यांच्या सांध्यांतून, जोत्याच्या भेगांतून, ड्रेनेजच्या पाइपाभोवती राहिलेल्या फटीतून वायू वर येतो. त्यातही पुढचं-मागचं अंगण बांधून काढलेलं, खिडकी गेलेली, रात्रभर स्प्लिट एसी चालू, अशी आतली खोली आधी घ्या. स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो.

दोन दिवसांच्या आकड्यावर मात्र तोडफोड नको. पाऊस, ऋतू, खिडक्या उघड्या की बंद, यावर पातळी खालीवर होते. 100 बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) प्रति घनमीटर हा आरोग्य संघटनेचा आकडा वर्षाच्या सरासरीसाठी आहे. तेवढं जमत नसेल तिथेही 300 ओलांडू नये, असं ती म्हणते. सरासरीच्या जवळ जायचं तर खास प्लास्टिक फिल्मची छोटी डबी तीनेक महिने टांगून ठेवतात. रेडॉनमधून सुटणाऱ्या अल्फा कणांचे सूक्ष्म ओरखडे फिल्मवर उमटतात, मग प्रयोगशाळेत ती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवून ओरखडे मोजतात. एकदा पावसाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात, झोपायच्या खोलीत, खिडकी आणि पंख्याच्या झोतापासून लांब.

राहिला प्युरिफायर. त्याचा फिल्टर रेडॉनपासून तयार झालेले, धुळीला चिकटलेले किरणोत्सारी कण थोडेफार पकडतो, वायू जातो आरपार. आकडा खरंच चढा निघाला तर फटी बुजवा, समोरासमोरच्या खिडक्या उघडा. सगळं बंद करून नुसता एक्झॉस्ट फॅन लावू नका, तो जमिनीतली हवाच आत ओढतो.