चंदेरी मल्चिंग पेपर आणि मिरचीवरचा चुरडा-मुरडा : आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार. आमच्या दुकानातून नेलेला २५ मायक्रॉन जाडीचा चंदेरी-काळा मल्चिंग पेपर (वाफ्याची माती झाकायचे प्लास्टिकचे आच्छादन) अंथरूनही नंदुरबारजवळच्या आपल्या मिरचीवर चुरडा-मुरडा (पाने आक्रसून वळणे) आलाच, पेपरने कीड रोखली जाते ही निव्वळ थाप आहे आणि पैसे परत मिळावेत, असे आपण लिहिले आहे. सोबतची छायाचित्रे मोठी करून पाहिल्यावरच हे उत्तर देत आहे.

चंदेरी बाजूने कीड मरत नाही. तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशामुळे, विशेषतः अतिनील किरणांमुळे, उडत येणारे फुलकिडे, पांढरी माशी आणि मावा गोंधळतात व रोपावर कमी संख्येने उतरतात. रोप लहान आणि पेपर उघडा असतो तोवर हा परिणाम चांगला मिळतो. पानांची झाक बेडभर पसरली, पेपरवर चिखल बसला किंवा श्रावणात आभाळ भरून राहिले की तो ओसरतो. पांढरी माशी विषाणू घेऊन येते आणि कोवळ्या वयात लागण झालेले झाड सहसा सावरत नाही, म्हणून सुरुवातीचे हे संरक्षण मोलाचे ठरते. बऱ्याच फुलकिड्यांची पिल्ले कोषावस्थेसाठी मातीत उतरतात, त्यांचीही वाट पेपरने काही अंशी अडते. मात्र सरीतली माती उघडीच असते आणि काही पिल्ले दुमडलेल्या पानांतही कोषात जातात. म्हणूनच पेपरासोबत दिलेल्या पत्रकात चिकट सापळे आणि गरजेनुसार फवारणी यांचा उल्लेख आहे.

आता आपल्या छायाचित्रांविषयी. फुलकिड्यांनी रस शोषलेल्या मिरचीच्या पानांच्या कडा वर वळतात आणि पान द्रोणासारखे होते. आपल्या झाडांच्या शेंड्याकडील पाने मात्र खाली वळून उपड्या होडीसारखी झाली आहेत आणि त्यांचे देठ लांबलेले दिसतात. हे लक्षण पिवळ्या कोळ्याचे आहे. हा कोळी म्हणजे भिंगातून दिसणारा आठ पायांचा सूक्ष्म जीव (माइट), कीटक नव्हे. वाऱ्याबरोबर, इतकेच काय, पांढऱ्या माशीच्या पायांना धरूनही तो शेतात पोहोचतो. त्याच्यावर चंदेरी पेपराचा परिणाम होईल असे आम्ही कुणालाही सांगत नाही, आणि आपण लिहिलेले इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशकही कोळ्यावर चालत नाही, ते कितीही वेळा फवारले तरी.

या कारणासाठी पैसे परत करता येणार नाहीत. पेपर फाटल्याची आपली दुसरी तक्रार वेगळी आहे : शिल्लक तुकडा आणल्यास त्याची जाडी आपल्यासमोर मोजू आणि ती कमी भरली तर पूर्ण रोल बदलून देऊ. येताना चार-पाच झाडांचे शेंडे बंद पिशवीत आणावेत, भिंगाखाली कोळी आपल्यालाही दिसेल. नवे कोळीनाशक खरेदी करण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी, अशी विनंती आहे.