टाकी फुल केली म्हणून गाडी फुटत नाही

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, जवळ आला की नागपूरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. इंडियन ऑइलच्या नावाने त्यात लिहिलेलं असतं: ऊन वाढलंय, टाकी फुल करू नका, स्फोट होईल, अर्धीच भरा, हवेला जागा ठेवा, रोज एकदा झाकण उघडून गॅस जाऊ द्या, या आठवड्यात असे पाच स्फोट झालेत. हा इशारा आमचा नाही, गाडीच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणं बाराही महिने सुरक्षित आहे, असं इंडियन ऑइलने जाहीर सांगून झालंय. आणि ते पाच स्फोट? गावाचं नाव नाही, तारीख नाही, ‘हा आठवडा’ मात्र दरवर्षी तोच.

आधी उन्हाचं बघू. ठिणगी न लागता, नुसतं तापून पेट्रोल पेटायला साधारण २५० अंश सेल्सिअस लागतात. २०२४ च्या मे महिन्यात नागपुरात ५६ अंशांचा आकडा गाजला, नंतर हवामान खात्याने तो सेन्सरचा दोष ठरवला. तो खरा धरला तरी गणित जमत नाही. वर्धा रोडवर भर दुपारी उभ्या गाडीच्या टाकीला हात लावला तर चटका बसतो, मान्य. पण चटका वेगळा आणि २५० अंश वेगळे.

खरं तर इंजिनकडेच बघावं. तिथे पेट्रोल पेटावं म्हणून सगळी तयारी केलेली असते: त्याचा बारीक फवारा, वजनाने सुमारे पावणेपंधरा पट हवा, आणि पिस्टन ते मिश्रण दाबून जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर आणतो. त्या दाबाने मिश्रण टाकीपेक्षा कितीतरी जास्त तापतं. तरीही ते प्लगच्या ठिणगीची वाट बघतं, बघायलाच हवी. आधीच पेटलं तर इंजिन खटखट वाजू लागतं. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा म्हणजे असं अवेळी न पेटण्याचीच क्षमता. दाबून तापलेल्या हवेत आपोआप पेटतं ते डिझेल, म्हणून त्या इंजिनला स्पार्क प्लग नसतो. पेट्रोल उन्हाळ्याच्या ४७ अंशांत फुटत असतं तर प्लगवर खर्च कोणी केला असता?

‘हवेला जागा ठेवा’ हा सल्ला तर उलटाच. जळायला हवाच लागते. त्यातही पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच पेटते. तापलेल्या टाकीत वाफ त्याच्या कितीतरी पट असते आणि हवा पुरत नाही. शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांत इंधनपंप टाकीतच बसवलेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी कायम तळाला ठेवली तर त्याचंच आयुष्य कमी होतं.

सगळ्यात घातक ओळ झाकणाची. उघड्यावर पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांतसुद्धा ठिणगी पकडू शकते, आणि हवेपेक्षा जड असल्याने ती पार्किंगमध्ये जमिनीलगत पसरते. तिथे कोणी बिडी शिलगावली की झालं! गॅस बाहेर काढायची गरजही नाही. नव्या गाड्यांत ही वाफ कोळशाच्या डबीत, म्हणजे कॅनिस्टरमध्ये अडते, मग इंजिन ती ओढून जाळतं. जुन्या गाड्यांच्या झाकणालाच बारीक भोक असतं.

मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच की पेट्रोल तापलं की फुगतं: दर दहा अंशांना जवळपास एक टक्का. दहा लिटरच्या टाकीत वीस अंशांनी पावणेदोनशे-दोनशे मिली. तेवढी जागा कंपनी धरूनच चालते. म्हणून नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं. ‘भाऊ, पन्नासचं अजून टाक’ करत गळ्यापर्यंत भरलं, की पेट्रोल सांडतं किंवा कॅनिस्टरमध्ये शिरून तो खराब करतं.

उन्हाळ्यात गाड्या पेटतात, हे खोटं नाही. मात्र तिथे शोधायचं ते चिरलेली रबरी नळी, बाहेरून जोडलेल्या लाइट-हॉर्नची उघडी वायर किंवा गरम सायलेन्सरखालचा सुका पाचोळा. गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर ती सुरू न करता मेकॅनिकला बोलवा.