निवडून येऊ नका, बाकी काहीही करा

विनोदी पक्ष काढायचा म्हणताय? जरूर काढा. नाव, झेंडा, चिन्ह या किरकोळ गोष्टी एका बैठकीत उरकतील. पथ्य एकच: निवडून येऊ नका. या धंद्यात अनामत जप्त होणं ही नामुष्की नाही, तो विमा आहे.

जाहीरनाम्यात हात आखडता घेऊ नका. आश्वासन असं अचाट हवं, की ते पुरं करा म्हणून कोणी मागे लागता कामा नये. कॅनडाच्या गेंडा पक्षाने गुरुत्वाकर्षणाचा नियमच रद्द करू म्हणून सांगितलं होतं. याला म्हणतात कसलेला हात! उलट ब्रिटनचा रॉक गायक स्क्रीमिंग लॉर्ड सच पाहा. १९६३ च्या पोटनिवडणुकीत उभा राहिला आणि मतदानाचं वय २१ वरून १८ वर आणा म्हणाला. १९६९ मध्ये तसा कायदाच झाला. पुढे मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी काढून बिचारा आयुष्यभर इमानेइतबारे हरला, पण डाग तो डागच.

निवडून आलात तर काय होतं, ते पोलंडला विचारा. तिथे एका विनोदी नटाच्या पुढाकाराने बिअरप्रेमींचा पक्ष निघाला. १९९१ मध्ये त्याचे १६ जण संसदेत पोचले आणि पोचताच फुटले. एक गट 'मोठी बिअर', दुसरा 'छोटी बिअर'. तत्त्वाचा प्रश्न असणार, दुसरं काय.

त्याहून वाईट गत आइसलँडचा विनोदवीर योन ग्नार याची. २००८ मध्ये तिथल्या बँका बुडाल्या, लोक चिडलेले. याने 'सर्वोत्तम पक्ष' काढला. सगळ्या जलतरण तलावांवर टॉवेल फुकट, प्राणिसंग्रहालयाला एक ध्रुवीय अस्वल, आणि बाकीचे लपूनछपून भ्रष्टाचार करतात, आम्ही उघड करू, अशी हमी. २०१० मध्ये रेक्याविक महापालिकेच्या १५ पैकी ६ जागा मिळाल्या आणि गृहस्थ महापौर! खुर्चीत बसून बघतो तर शहराची ऊर्जा कंपनी कर्जात गळ्यापर्यंत. टॉवेल फुकट देणाऱ्याला विजेचे आणि गरम पाण्याचे दर वाढवावे लागले. चार वर्षं त्याने कारभार केला, बराच केला म्हणतात, आणि २०१४ मध्ये पुन्हा उभाच राहिला नाही. शहाणा माणूस.

घोषणाही जपून निवडा. ग्वाटेमालाचे विनोदवीर जिमी मोरालेस 'ना भ्रष्ट, ना चोर' म्हणत २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. मग संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने चालणाऱ्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाने त्यांच्याच प्रचाराच्या पैशांची चौकशी सुरू केली, आणि २०१९ मध्ये आयोगाचा गाशा गुंडाळला गेला. विनोदाची वेळ साधणं म्हणतात ते हेच. त्यापेक्षा ब्राझीलचा विदूषक तिरिरिका परवडला. खासदार काय करतो ते मला ठाऊक नाही, निवडून द्या, मग सांगतो, असं तो म्हणाला आणि २०१० मध्ये तेरा लाखांहून जास्त मतं घेऊन गेला.

टीव्ही मालिकेत राष्ट्राध्यक्षाची भूमिका आली तर नम्रपणे नाही म्हणा. युक्रेनमध्ये एकाने हो म्हटलं. २०१९ मध्ये त्याला ७३ टक्के मतं पडली. पुढे त्याच्या वाट्याला जे आलं, त्यावर विनोद करायला कोणी धजत नाही.

तुमची खरी जागा निकालाच्या रात्रीच्या मंचावर. ब्रिटनमध्ये झाडून सगळे उमेदवार एका ओळीत उभे करतात. २०१७ मध्ये मेडनहेडला पंतप्रधान थेरेसा मे यांच्यासोबत त्याच मंचावर डोक्यावर उंच काळी बादली चढवलेला इसम उभा होता, आणि निकालाच्या कागदावरून रीतसर वाचलं गेलं: लॉर्ड बकेटहेड, २४९. अनामत ५०० पौंड, पाच टक्के मतं नसतील तर जप्त. पंतप्रधानांसोबत जगभर झळकायचं भाडं म्हणून हे काही फार नाही. फक्त बादलीला डोळ्यांपुढे भोकं नीट पाडून घ्या. आंधळेपणाने मंचावरून पडलात, पाय मोडला, तर सहानुभूतीची लाट येते, आणि लाटेत कोण निवडून येईल याचा काही नेम नसतो.