मिलिटरीचा फॅक्स हॅक होत नाही म्हणे!

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज लई फिरतोय. ज्यांना अजून आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यात म्हटलंय की जगातली सगळी सैन्यं आजही गुप्त कागद फॅक्सनंच पाठवतात कारण फॅक्स हॅक होत नाही, फॅक्स थेट कागदावरून कागदावर जातो आणि मध्ये कॉम्प्युटर नसतो, मिलिटरीचं मशीन लोखंडी पेटीत असतं म्हणून आतलं बाहेर फुटत नाही, पानाच्या वर पाठवणाऱ्याचा नंबर छापून येतो म्हणून खोटा फॅक्स शक्यच नाही, आणि अमेरिका-रशियाची हॉटलाइनसुद्धा फॅक्सवर चालायची. शेवटी सल्ला: बँकेचे कागद, आधार, सातबारा ईमेलनं पाठवू नका, फॅक्स करा. खाली तिरंगा आणि जय हिंद.

असले मेसेज मी बघतो आणि पुढं सरकतो. पण परवा एका पतसंस्थेचे सेक्रेटरी काका शाहूपुरीत दुकानावर आले आणि म्हणाले, "बाळ, असलं मिलिटरीचं मशीन कुठं मिळतंय का बघ की, सगळ्या शाखांत बसवून टाकू." आता फॅक्स, झेरॉक्स, प्रिंटरच्या दुरुस्तीवरच आमचं घर चाललंय, फॅक्सशी माझं काही वैर नाही, मशीन विकून चार पैसे मिळाले असते तर नको कशाला म्हणू. पण पतसंस्थेचा पैसा म्हणजे सभासदांचा पैसा, म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

पहिलं, सैन्य फॅक्स वापरायचं ही गोष्ट खरी आहे. अमेरिकन सैन्याचं एएन/यूएक्ससी-७ नावाचं मशीन होतं, रणभूमीवर नेऊन वापरायचं. नाटो देशांची मशीनं एकमेकांशी बोलावीत म्हणून स्टॅनॅग ५००० असं एक स्टँडर्डही होतं. पण का वापरायचे, ते मेसेज लिहिणाऱ्यानं उलटं लावलंय. टेलिप्रिंटरवर, म्हणजे इकडं टाईप केलेलं पलीकडं छापणाऱ्या मशीनवर, फक्त अक्षरं जायची. नकाशावर पेन्सिलनं मारलेली रेघ, हातानं काढलेलं स्केच, साहेबाची सही, हे पाठवायचं तर चित्रच पाठवायला पाहिजे, आणि रेडिओच्या खरखरत्या लाइनवरून चित्र पाठवायचं त्या काळातलं सोपं मशीन म्हणजे फॅक्स. ऑपरेटरला टायपिंगही यायला नको. गुप्ततेसाठी फॅक्स निवडला असं नव्हे, फॅक्स सोयीचा होता आणि तो गुप्त ठेवायची व्यवस्था बाहेरून करायला लागायची. त्यासाठी मशीन आणि रेडिओ यांच्या मध्ये वेगळा एन्क्रिप्शनचा डबा असायचा, म्हणजे गुप्त किल्ली असल्याशिवाय वाचता येऊ नये असा मजकूर बदलून टाकणारा, अमेरिकेत केजी-८४ सारखा. मिलिटरीचं मशीन डिजिटल करण्यामागं हेसुद्धा एक मोठं कारण होतं की त्यातून निघणारे बिट्स सरळ त्या डब्यात घालता यावेत. डबा काढला की उरतं ते मजबूत अंगाचं साधं मशीन.

आणि या मजबूत अंगाला 'रगेड' म्हणतात, ते नेमकं काय तेही बघा. अमेरिकेची मिल-स्टँडर्ड-८१० म्हणून चाचणी आहे, आपल्या सैन्याच्या मालासाठी जेएसएस ५५५५५ आहे. भट्टीतल्यासारख्या गरमीत ठेवतात, थंडीत ठेवतात, दमट हवेत ठेवतात, धूळ मारतात, हादरे देतात, वरनं आपटतात, एवढंच काय तर बुरशी धरती का तेसुद्धा बघतात. उद्यमनगरातल्या कुठल्याही कारखानदाराला हे पटकन कळेल, मालाची टेस्टिंग असती तसलीच. या यादीत 'आतला कागद कुणी वाचू शकतो का' असा एकही प्रश्न नाही. मशीन पुरात भिजून चालू राहिलं म्हणजे त्यातलं पत्र गुप्त राहिलं, असं होत नाही.

सगळी सैन्यं फॅक्सवरच भागवतात हेही खोटंच. १९९१ च्या आखाती युद्धात रोजच्या विमानहल्ल्यांचा हुकूम शेकडो पानांचा असायचा, आणि अमेरिकेच्या विमानवाहू जहाजांवर तो घेणारी सिस्टीम नव्हती म्हणून तो चक्क विमानानं जहाजावर नेऊन द्यायला लागायचा. फॅक्सच सगळ्यांत भारी असता तर ही हमाली कुणी केली असती का? आपल्या सैन्याचंही अॅस्कॉन नावाचं स्वतःचं नेटवर्क वर्षानुवर्षं आहे.

आता 'मध्ये कॉम्प्युटर नसतो, कागदावरून कागदावर जातो' हा मुद्दा. इथं जरा थांबतो कारण लोकांचा सगळ्यात जास्त विश्वास यावरच बसलाय.

फॅक्स मशीन पानाची एकेक आडवी ओळ बघतं. त्या एका ओळीत १७२८ ठिपके धरतं, प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा. मग 'इतके पांढरे, नंतर इतके काळे' असं मोजून त्याचे आखूड कोड बनवतं आणि ते कोड फोनवरून आवाजाच्या रूपात पाठवतं, ९६०० किंवा १४४०० बिट सेकंदाला. तो जो चिरका किर्रर्र आवाज यायचा तो हाच. हे कोड कुणाचं गुपित नाही. आंतरराष्ट्रीय टेलिकॉम संघटनेनं १९८० मध्ये टी.४ आणि टी.३० म्हणून ते छापून जाहीर केलं, म्हणून तर कोल्हापुरातलं जपानी मशीन इचलकरंजीतल्या कोरियन मशीनशी बोलू शकत होतं. याचा अर्थ काय, तर तुमच्या लाइनवर कुणी ते किर्रर्र रेकॉर्ड करून घेतलं तर तेच पान त्याच्याकडंही निघू शकतं. कुलूप नाहीच तर तोडायचं काय! म्हणजे साधा फॅक्स हा गल्लीच्या नळावर उभं राहून मोठ्यानं बोलल्यासारखा आहे, ज्याला ऐकायचंय त्यानं ऐकावं. आणि लाइन कुठनं जाती तेही डोळ्यांसमोर आणा, आपल्या इकडं खांबावरचा टेलिफोनचा डीपी बॉक्स, दार लोंबकळतंय, आत वायरींचा गुंता. एसटीडी बूथच्या काळात क्रॉस कनेक्शन लागून दुसऱ्याचं घरगुती भांडण किती जणांनी ऐकलंय ते आठवा. आता तर तांब्याची तारसुद्धा शेवटपर्यंत नसती, पुढं जाऊन आवाजाची डेटाची पाकिटं होतात आणि ती त्याच इंटरनेटच्या तंत्रानं धावतात, फॅक्ससाठी त्याचंही टी.३८ असं वेगळं स्टँडर्ड आहे. पलीकडं तर बऱ्याच ठिकाणी मशीनच नाही, फॅक्स येतो आणि पीडीएफ होऊन ईमेलच्या इनबॉक्समध्ये पडतो. म्हणजे ज्या ईमेलला घाबरून फॅक्स केला, तो शेवटी ईमेलमध्येच.

हॅक होत नाही म्हणता? ऑगस्ट २०१८ मध्ये चेकपॉइंट या कॉम्प्युटर सुरक्षेच्या कंपनीच्या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या एका परिषदेत सगळ्यांसमोर करून दाखवलं. फॅक्सवाल्या ऑल-इन-वन प्रिंटरचा फक्त फोन नंबर माहीत होता. त्या नंबरवर मुद्दाम बिघडवलेली रंगीत इमेज फॅक्सनं पाठवली, प्रिंटरचा ताबा घेतला आणि तिथनं ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरले. प्रिंटरच्या कंपनीनं नंतर दुरुस्तीचं सॉफ्टवेअर दिलं ते वेगळं. पण आजचं फॅक्स मशीन आत कॉम्प्युटरच आहे, प्रोसेसर आहे, मेमरी आहे, मोठ्या मशीनला तर हार्ड डिस्कसुद्धा असती.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, मेसेज लिहिणाऱ्याला नक्की माहीत नसणार. साध्या कागदावर छापणाऱ्या स्वस्त फॅक्समध्ये काळ्या फिल्मचा रोल असायचा. अक्षराच्या जागची शाई फिल्मवरून उचलून कागदाला चिकटायची, आणि फिल्मवर तेवढी जागा पारदर्शक राहायची. म्हणजे आलेल्या प्रत्येक पानाची निगेटिव्ह त्या रोलवर, ओळीनं, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. २०१९ च्या पुरानंतर शाहूपुरीत दुकानादुकानांसमोर भिजलेल्या सामानाचे ढीग लागले होते, त्यात एका ऑफिसातनं बाहेर टाकलेला असला एक रोल मी उचलला आणि उजेडाकडं धरला. चिखल पुसल्यावर खातेदारांची नावं, रकमा, चेक नंबर सगळं सरळ वाचता येत होतं. ते मी तिथंच जाळून टाकलं. ऑफिसवाल्यांना असलं काही असतं याची कल्पनाच नव्हती, संपलेला रोल म्हणजे कचरा एवढंच त्यांना माहीत.

लोखंडी पेटीचा मुद्दा मात्र अगदीच बिनबुडाचा नाही, त्यात अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्याची गोष्ट भारी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, अमेरिकेतल्या बेल या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत टेलिप्रिंटरचे संदेश एन्क्रिप्ट करणारं मशीन चालू होतं. एका इंजिनिअरच्या लक्षात आलं की मशीनचं एकेक पाऊल पडलं की प्रयोगशाळेच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, काटा उडतोय. त्या काट्यांवरून मूळ मजकूर वाचता येत होता, एन्क्रिप्ट व्हायच्या आधीचा! सैन्यवाले म्हणाले, हे प्रयोगशाळेत चालतंय, बाहेर नाही चालणार. मग बेलच्या लोकांना न्यूयॉर्कच्या व्हॅरिक स्ट्रीटवर रस्त्यापलीकडच्या इमारतीत बसवलं, सुमारे ८० फुटांवर. त्यांनी तासभर रेकॉर्डिंग केलं आणि काही तासांत ७५ टक्के मजकूर काढून समोर ठेवला. पुढं या सगळ्या प्रकाराला टेम्पेस्ट नाव पडलं, आणि त्यातनं बंद धातूची पेटी, वायरींवर फिल्टर, साध्या मजकुराची वायर आणि एन्क्रिप्टेड मजकुराची वायर एकमेकींपासून लांब, असे नियम आले.

म्हणजे पेटी लागते. पण ती मशीनमधून हवेत आणि वायरीत फुटणारे सिग्नल अडवते, फोनच्या लाइनवरून जाणारं पान नव्हे. ते पान तर तुम्ही स्वतःच पेटीच्या बाहेर पाठवताय! आणि नुसता जाड पत्रा ठोकून टेम्पेस्ट होत नाही, झाकणाच्या फटीतनंसुद्धा सिग्नल निघतो, त्याची मोजणी करून लेव्हल ठरते. बाजारात 'मिलिटरी ग्रेड' म्हणून जो हिरवा रंग मारलेला माल मिळतो त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

वर छापून येणाऱ्या नंबराबद्दल जास्त बोलत नाही. तो नंबर पाठवणारा स्वतः मशीनच्या सेटिंगमध्ये टाईप करतो. मशीन इन्स्टॉल करताना आम्हीच टाकून द्यायचो, तारीख, नाव, नंबर, जे सांगाल ते. कलेक्टर ऑफिसचा टाकला असता तरी मशीननं 'पुरावा दाखवा' म्हटलं नसतं.

राहिली हॉटलाइन. इथं मेसेजवाल्यानं बरोबर नाव घेतलं आणि स्वतःचाच मुद्दा पाडला. १९६२ मध्ये क्यूबावरून अमेरिका-रशिया अणुयुद्धाच्या तोंडाशी आले, त्यानंतर ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टन-मॉस्को लाइन सुरू झाली. लाल फोन वगैरे सिनेमातला, खरोखर ते टेलिप्रिंटर होते. संदेश एकदाच वापरायच्या किल्लीच्या टेपनं एन्क्रिप्ट व्हायचे, आणि त्या टेपा प्रत्येक देश आपल्या वकिलातीमार्फत दुसऱ्याला पोचवायचा. फॅक्स जोडायचा करार झाला जुलै १९८४ मध्ये, चालू झाला १९८६ मध्ये, कारण तेच, नकाशे आणि आकृत्या पाठवायच्या होत्या. आता त्या करारात काय लिहिलंय बघा: फॅक्समधून निघणारा डिजिटल डेटा सुरक्षा यंत्रात जाईल, तिथं तो सव्वापाच इंची फ्लॉपीवर भरलेल्या रँडम डेटामध्ये मिसळला जाईल आणि मगच पुढं पाठवला जाईल. म्हणजे दोन महासत्तांनी फॅक्सवर काडीचाही विश्वास ठेवला नव्हता, विश्वास होता त्या फ्लॉपीवर आणि ती सांभाळणाऱ्या माणसांवर. पुढं २००८ मध्ये तीच लाइन कॉम्प्युटर नेटवर्कवर आणि ईमेलवर गेली.

शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचे, सैन्याच्या सिग्नल विभागातनं रिटायर झालेले एकजण माझ्याकडं झेरॉक्सला येतात. त्यांना हा मेसेज दाखवला तर नुसते हसले आणि म्हणाले, "मशीनचं कुणीबी सांगंल, किल्लीचं कुणी सांगत नसतंय." त्यापुढं एक अक्षर बोलले नाहीत, झेरॉक्सचे पैसे दिले आणि गेले.

गुप्ततेच्या नावाखाली फॅक्स धरून बसलेल्यांचं जगात काय चाललंय तेही सांगतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनं जानेवारी २०१९ पासून नवीन फॅक्स घ्यायला बंदी घातली आणि मार्च २०२० पर्यंत जुने काढायचं ठरवलं. तिथं हजारो मशीनं होती. रोजच्या वापरातला खरा त्रास हॅकरचा नसतोच, एक आकडा चुकला की कागद भलतीकडं, आणि बरोबर गेला तरी ट्रेमध्ये उघडा पडून राहतो. काकांच्या पतसंस्थेत फॅक्स ठेवायची जागा मी बघितली आहे, चहाच्या टेबलाशेजारी, येणारा-जाणारा प्रत्येकजण वाकून बघणार, 'कुणाचा आलाय रे?'

तर काकांना मी सांगितलं ते असं. शाखांत मशीन बसवू नका. कागद पाठवायचाच असेल तर पीडीएफला पासवर्ड घाला आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये न लिहिता फोन करून सांगा. हा फोन वेगळा करायला लोकांना कंटाळा येतो, पण तेवढं करायलाच लागतं. आधार मागितलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ते आधारच्या सरकारी साइटवरून फुकट निघतं. जुनं मशीन भंगारात घालताना रोल आणि डिस्क आधी काढून घ्या, माझ्याकडं आणा, तुमच्यासमोर नष्ट करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. आणि सातबारा लपवायची काळजी सोडून द्या, तो सरकारच्या साइटवर गट नंबर टाकून कुणालाही बघता येतो आणि सहीवाला पाहिजे असला तर १५ रुपयांत डाउनलोड होतो.