पेटी उघडीच राहू दे

अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीची गोष्ट आपण बहुतेक वेळा रोझा पार्क्सपासून सुरू करतो. बसमधली जागा, गोऱ्या प्रवाशासाठी न उठलेली काळी बाई, मग बसवर बहिष्कार. पण त्या बसच्या तीन महिने आधीची एक शवपेटी वगळली, तर गोष्ट अर्धीच राहते असं मला वाटतं.

एमेट टिल १४ वर्षांचा होता. माझा मुलगा आज तेवढाच आहे, म्हणून हे लिहिताना हात जड होतोय. ऑगस्ट १९५५ मध्ये तो शिकागोहून दक्षिणेकडच्या मिसिसिपी राज्यातल्या मनी गावाजवळ, आईच्या मावशीकडे सुट्टीला निघाला. जाताना आईनं, मेमी टिल यांनी, त्याला वारलेल्या वडिलांची चांदीची अंगठी दिली. एका किराणा दुकानातल्या गोऱ्या बाईला पाहून त्यानं शीळ घातली, एवढ्यावरून २८ ऑगस्टच्या पहाटे दोन गोऱ्या माणसांनी त्याला झोपेतून उठवून नेलं. तीन दिवसांनी टॅलाहाची नदीत तो सापडला. मानेभोवती काटेरी तारेनं कापसाच्या जिनिंगचा अवजड लोखंडी पंखा बांधलेला. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. ओळख पटली ती अंगठीवरून.

तिथल्या अधिकाऱ्यांना त्याला तिथंच घाईघाईनं पुरून टाकायचं होतं. मेमीबाईंनी ते थांबवलं. पेटी शिकागोला आली ती सीलबंद, उघडायची नाही या अटीवर. त्यांनी ती उघडायला लावली. पायांपासून सुरुवात करून वरपर्यंत आपलं लेकरू निरखून पाहिलं. आणि ठरवलं, पेटी उघडीच राहील. माझ्या मुलाचं काय केलंय ते जगाला बघू दे. हजारो माणसं रांगेनं त्या पेटीसमोरून गेली. 'जेट' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकानं फोटो छापला आणि तो घराघरात पोचला.

अत्याचार झाले म्हणून चळवळ पेटली, असं आपण पटकन बोलून जातो. मला ते पटत नाही. मिसिसिपीत अशा हत्या कित्येक वर्षं होतच होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात मतदार नोंदणीसाठी झटणारे रेव्हरंड जॉर्ज ली मारले गेले. लोकांनी घाबरून गप्प बसावं, यासाठीच तर ती हिंसा होती, आणि पुष्कळदा तसंच घडायचं. या वेळी फरक पडला तो एका आईनं झाकायला नकार दिला म्हणून.

आणि एका म्हाताऱ्या माणसानं कोर्टात उभं राहून बोट दाखवलं म्हणून. मोझ राइट, मेमीबाईंच्या मावशीचे यजमान. एमेटला त्यांच्याच घरातून नेलं होतं. गोऱ्यांनी भरलेल्या कोर्टात काळ्या माणसानं गोऱ्या आरोपीकडे बोट दाखवायचं म्हणजे जिवावरची गोष्ट. साक्ष झाल्यावर त्यांना मिसिसिपी सोडावंच लागलं. ज्युरीत बाराही गोरे पुरुष होते. ६७ मिनिटांत दोघे निर्दोष सुटले. पुढच्या जानेवारीत त्याच दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला सांगितलं, होय, आम्हीच मारलं. त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नव्हता.

त्याआधी, १९५५ च्याच २७ नोव्हेंबरला, अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात एका चर्चमध्ये टी. आर. एम. हॉवर्ड या डॉक्टरांनी ही सगळी हकीकत सांगितली. तिथले पाद्री होते २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग. श्रोत्यांत रोझा पार्क्स होत्या. चार दिवसांनी, १ डिसेंबरला, त्या बसमध्ये उठल्या नाहीत. मॉन्टगोमेरीच्या काळ्या माणसांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. 'थकलेली शिवणकाम करणारी बाई' ही गोष्ट म्हणूनच मला खटकते. त्या बारा वर्षं काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेत काम करत होत्या आणि ते पोर त्यांच्या डोळ्यांपुढे ताजं होतं. पुढे चळवळीचे नेते झालेले जॉन लुईस तेव्हा १५ वर्षांचे होते. मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चात अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर पोलिसांनी त्यांचं डोकं फोडलं. आपल्यासाठी एमेट म्हणजे जॉर्ज फ्लॉइड (२०२० साली पोलिसाच्या गुडघ्याखाली मेलेला काळा माणूस) होता, असं त्यांनी मरणापूर्वी लिहून ठेवलं.

लिंचिंगविरोधी, म्हणजे जमावानं कायदा हातात घेऊन माणूस मारण्याविरोधी, केंद्रीय कायदा एमेटच्या नावानं झाला तो थेट २०२२ साली. असं पहिलं विधेयक १९०० सालचं.

एमेट सापडला त्या नदीकाठी एक पाटी लावलेली आहे. तिच्यावर लोक गोळ्या झाडायचे. नवी लावली की तिचीही चाळण. शेवटी २०१९ साली बुलेटप्रूफ पाटी बसवावी लागली.