आनुवंशिक नाही, म्हणजे विषच?

गेल्या पंधरवड्यात माझ्या फार्मसीच्या काउंटरवर सातआठ जणींनी एकच प्रश्न विचारला. एकीने तर अर्धी वापरलेली रोल-ऑनची बाटली पिशवीतून काढून समोर ठेवली, मोबाइल पुढे केला आणि म्हणाली, "बाय, हें खरें न्ही गे?" मला तो मेसेज वाचायची गरज नव्हती. आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर, मुलीच्या शाळेतल्या आयांच्या ग्रुपवर आणि नणंदेकडून असा तो तीनदा येऊन गेला होता. गोव्यातल्या डिचोलीसारख्या गावात तीनदा म्हणजे सगळीकडेच.

वर गुलाबी रिबिनीचं चित्र आणि खाली मजकूर. थोडक्यात असा: अमेरिकेतल्या एका संस्थेने जाहीर केलं आहे की स्तनाच्या कॅन्सरच्या शंभरातल्या नव्वद जणींना तो आनुवंशिक नसतो, म्हणजेच तो रोजच्या वापरातल्या विषांमुळे होतो. डिओडरंट, काळी ब्रा, गाडीत तापलेली पाण्याची बाटली, मायक्रोवेव्ह, फॉर्मेलिनची मासळी. हे आजच बंद करा, कॅन्सर जवळ फिरकणार नाही. मॅमोग्राम तर मुळीच करू नका, त्यातल्या किरणांनीच कॅन्सर होतो. दहा बहिणींना पाठवा.

सगळंच खोटं असतं तर मी दुकान बंद करून लिहायला बसले नसते. यात खऱ्याचा अंश आहे, आणि त्यावरच बाकीचं खपतंय.

सुरुवात नव्वदच्या आकड्यापासून. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभरातल्या पाच ते दहा केसेसच थेट वारशाने आलेल्या जनुकांमुळे होतात. बीआरसीए १ आणि बीआरसीए २ ही त्यांतली प्रसिद्ध नावं. म्हणजे उरलेल्या नव्वद-पंचाण्णव जणींना तो तसा वारशाने आलेला नसतो, हे बरोबर. पण "आनुवंशिक नाही" यातून "विषामुळे" हे निघत नाही. मधे बरंच काही आहे. सगळ्यांत मोठं म्हणजे वय. पेशी आयुष्यभर विभागत राहतात आणि विभागताना चुका होतात. त्यातल्या कितीतरी चुकांना बाहेरचं कारणच नसतं. मग पाळी लवकर सुरू होणं, उशिरा जाणं, पहिलं मूल तिशीनंतर होणं किंवा न होणं, अंगावर दूध न पाजणं, पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन. हे सगळं शरीरातल्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या हिशेबाशी बांधलेलं आहे. यातलं कुठलंही बाटलीत भरून येत नाही.

आणि हार्मोनच्या गोळ्या. पाळी जाताना होणाऱ्या त्रासासाठी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र दिलं जातं. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत या गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला आणि चाचणीचा तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. लाखो बायकांनी गोळ्या सोडल्या. २००३ मध्ये तिथले स्तनाच्या कॅन्सरचे नवे रुग्ण सुमारे सात टक्क्यांनी घटले. बाहेरून आलेल्या रसायनाचा इतका लख्ख दाखला दुसरा शोधावा लागेल, पण तो मेसेजमध्ये नाही. ते रसायन कारखान्याच्या धुराड्यातून आलं नव्हतं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं आणि माझ्यासारख्यांनी काउंटरवरून विकलं होतं.

नव्वदच्या त्या उडीमुळे काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ओळखीतल्या एकीची बांबोळीच्या सरकारी इस्पितळात याच कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. माघातल्या हळदीकुंकवाला ती पहिल्यांदा बाहेर पडली. वाण घेता घेता एका काकींनी विचारलं, "तू वापरायचीस तरी काय गे?" त्या बिचारीने आयुष्यात डिओडरंट लावलं नव्हतं. घरी जाऊन ती दोन दिवस आठवत बसली, साबण कुठला होता, पावडर कुठली होती. "विषामुळे होतो" या वाक्याच्या पोटात "तुझ्यामुळे झाला" हे वाक्य असतं, आणि ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

आता ती "अमेरिकेतली संस्था". मेसेजमध्ये नाव नाही. पण स्तनाचा कॅन्सर आणि रसायनं हा विषय धरून सरकारच्या मागे लागणाऱ्यांत सगळ्यांत ठळक नाव ब्रेस्ट कॅन्सर प्रिव्हेन्शन पार्टनर्सचं. १९९२ साली सॅन फ्रान्सिस्कोत द ब्रेस्ट कॅन्सर फंड या नावाने ती सुरू झाली. संस्थापक अँड्रिया मार्टिन स्वतः या आजारातून गेलेल्या. बहुतेक रुग्णांना तो आनुवंशिक नसतो, हे ही संस्थाही सांगते, आणि तिचं म्हणणं थोडक्यात असं: बाजारात येणारी हजारो रसायनं आधी तपासली जात नाहीत, त्यांतली काही शरीरात हार्मोनसारखी वागतात, तेव्हा पुरावा पक्का होईपर्यंत बायकांच्या अंगावर प्रयोग करू नका. ही मागणी कंपन्यांकडे आणि कायदेमंडळांकडे आहे. कॅलिफोर्नियात २०२० साली सौंदर्यप्रसाधनांतून चोवीस घातक घटक काढून टाकायला लावणारा कायदा झाला, त्यामागे ही संस्था होती. "दहा बहिणींना पाठवा" ही तिची कामाची पद्धत नव्हे.

गोव्यात हे समजायला जड जाऊ नये. केरीच्या पठारावर नायलॉन ६,६ चा कारखाना येऊ घातला होता तेव्हा कोणी फोंड्याच्या बायकांना "नायलॉनच्या साड्या नेसू नका, झालं" असं सांगितलं नाही. माणसं रस्त्यावर उतरली. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीने नीलेश नाईक गेला, आणि शेवटी कारखाना गोव्याबाहेर, तमिळनाडूत गेला. त्या आंदोलनाचा मेसेज कोणी "नायलॉन टाळण्याचे सात उपाय" म्हणून फिरवला तर कसं वाटेल? या संस्थेच्या मागणीचं नेमकं तेच झालं आहे.

संस्थेचंही सगळं मी डोळे मिटून घेत नाही. प्राण्यांवरचा पुरावा, काचनळीतल्या पेशींवरचा पुरावा आणि माणसांवरचा पुरावा या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. प्रचारात त्या एका पंगतीत बसवल्या जातात. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या बायकांनी नेट लावून १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसकडून मोठं संशोधन मंजूर करून घेतलं. २००२ मध्ये निष्कर्ष आले, आणि ज्या क्लोरीनयुक्त कीटकनाशकांवर सगळ्यांचा संशय होता त्यांचा संबंध सापडला नाही.

मग संशय फोल होता का? इथे गोष्ट रंगते. कॅलिफोर्नियात ओकलंडला १९५९ ते १९६७ या काळात गरोदर बायकांचं रक्त साठवून ठेवलं होतं. त्यातलं डीडीटी, म्हणजे त्याच कीटकनाशकांपैकी एक, मोजून २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डीडीटीचा वापर सर्रास सुरू झाला तेव्हा ज्या चौदा वर्षांच्या आतल्या होत्या आणि ज्यांच्या रक्तात ते जास्त होतं, त्यांच्यात पन्नाशीच्या आतल्या स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे पाचपट निघाला. ज्या तेव्हा मोठ्या होत्या त्यांच्यात तसं दिसलं नाही. म्हणजे किती लागलं याच्याइतकंच कधी लागलं हेही महत्त्वाचं. साठीच्या बाईच्या रक्तात आज मोजून हे सापडेलच असं नाही. अभ्यास लहान आहे, एकट्याने निकाल लावत नाही. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ मध्ये डीडीटीला "बहुधा कॅन्सरकारक" या गटात टाकलं.

भारतात शेतीसाठी डीडीटी १९८९ मध्ये बंद झालं, डासांसाठी चालू राहिलं. मलेरियावाले फवारणी करून गेले की भिंतींवर उरणारे पांढरे डाग माझ्या पिढीच्या बऱ्याच जणींना आठवत असतील. आठ वर्षांच्या मुलीने त्यावर काय करायला हवं होतं? कुठली बाटली फेकायला हवी होती?

आता यादीतल्या वस्तू. ब्राला एवढंच: १९९५ साली अमेरिकेतल्या एका पुस्तकाने ही आवई उठवली, २०१४ मध्ये सिअॅटलच्या संशोधकांनी पाळी गेलेल्या पंधराशे बायकांकडून ब्राच्या सवयींची तपशीलवार माहिती घेतली, काही संबंध सापडला नाही. रंगाचा प्रश्नच येत नाही. मायक्रोवेव्हच्या लहरींत जनुकं तोडण्याइतकी ताकद नसते. प्लास्टिकच्या डब्यात जेवण गरम करू नका हा सल्ला चांगला आहे, पण त्याचं कारण डबा आहे, यंत्र नव्हे.

बाटलीचं थोडं सविस्तर. संशयाच्या भोवऱ्यात असलेलं बिस्फेनॉल-ए हे रसायन पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक प्लास्टिकमध्ये आणि डबाबंद पदार्थांच्या आतल्या लेपात असतं. बाजारातली एक लिटरची पातळ बाटली पीईटीची, तिच्यात ते वापरत नाहीत. त्याने माणसांत स्तनाचा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही. तरी युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०२३ मध्ये त्याची रोजची सुरक्षित मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली. काळजी खरी आहे, बाटली चुकीची धरली आहे.

फॉर्मेलिनवर गोव्यात कोणी हसणार नाही. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यातून आलेल्या मासळीवरून जे रामायण झालं, त्यानंतर आमच्याकडे कित्येक दिवस सुंगटं शिजली नाहीत. फॉर्मल्डिहाइड कॅन्सरकारक आहे, हे पक्कं. पण तो नाकामागच्या घशाचा आणि रक्ताचा कॅन्सर, तोही मुख्यतः श्वासातून रोज घेणाऱ्या कामगारांत दिसलेला. मासळीत ते नसावं यासाठी भांडायलाच हवं. त्यासाठी स्तनाच्या कॅन्सरची भीती उसनी आणायची गरज नाही. गंमत म्हणजे मडगावजवळच्या सोनसड्याच्या कचराडेपोचा धूर या यादीत नाही. मे २०१९ मध्ये तिथला कचरा दिवसच्या दिवस धुमसत होता, आणि कचऱ्यातलं पीव्हीसीसारखं प्लास्टिक जळताना जे डायॉक्सिन तयार होतं ते पक्क्या कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात आहे. पण धूर पिशवीत घालून फेकता येत नाही, मग तो यादीत कसा येणार?

यादीत आणखी एक नाही. दारू. स्तनाच्या कॅन्सरशी दारूचा संबंध कित्येक दशकांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसला आहे. रोज साधारण एक पेग घेतला तरी धोका सात ते दहा टक्क्यांनी वाढतो. वाइन असो, बियर असो, हुर्राक असो, शरीराला फरक पडत नाही. ज्या राज्यात दारू शेजाऱ्यांपेक्षा स्वस्त मिळते आणि बायकांच्या पार्टीतही आता ग्लास असतो, तिथे फिरणाऱ्या मेसेजमध्ये काळी ब्रा आहे आणि ग्लास नाही, याची मला खरंच मौज वाटते.

मॅमोग्रामपाशी मात्र मौज संपते. दोन्ही स्तनांच्या तपासणीत साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतो. जमिनीतून आणि आकाशातून आपल्याला नुसतं जगताना सातेक आठवड्यांत जेवढा मिळतो तेवढाच. मॅमोग्रामवर खरे आक्षेप आहेत: कधी निरुपद्रवी गाठीही पकडल्या जातात, तरुण बायकांच्या घट्ट स्तनांत चित्र नीट येत नाही. पण किरणांनी कॅन्सर होईल म्हणून तपासायचंच नाही, हा हिशेब उलटा आहे. २०२२ साली भारतात या आजाराच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा आणि ९८ हजार मृत्यूंचा अंदाज होता. मृत्यूंचं प्रमाण इतकं असण्यामागे उशिरा येणं हे मोठं कारण आहे.

आणि किरणं नकोतच तर हात आहेत. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, निष्कर्ष आले: कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, तेही त्यांनी लिहिलं आहे. त्याच वर्षी गोव्यात एक लाख बायका तपासायची मोहीम सुरू झाली. त्यात वापरलेलं हातात धरायचं छोटं यंत्र गाठीचा कडकपणा ओळखतं, किरण सोडत नाही. काही सापडलं तर पुढे सोनोग्राफी, मॅमोग्राम आहेच. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका, पहिल्यापहिल्यांदा ती बहुधा दुखतच नाही.

राहिली ती रोल-ऑनची बाटली. २००२ मध्ये सिअॅटललाच ८१३ रुग्ण आणि ७९३ निरोगी बायकांची तुलना झाली, घाम रोखणाऱ्या उत्पादनांचा संबंध आढळला नाही. भीतीला ज्याने आणखी खतपाणी घातलं तो २००४ चा ब्रिटिश अभ्यास वीस गाठींचा. त्यांत पॅराबेन, म्हणजे प्रसाधनं टिकवण्यासाठी घालतात ती रसायनं, सापडले, पण निरोगी ऊतींत किती असतात हे तपासलंच नव्हतं, आणि याने कॅन्सर होतो असं संशोधकांनीही म्हटलं नव्हतं. तरी २०१४ मध्ये युरोपने पाच पॅराबेनवर बंदी घातली. का? त्यांनी कॅन्सर होतो हे सिद्ध झालं म्हणून नव्हे. ते सुरक्षित आहेत हे दाखवणारी पुरेशी माहिती कंपन्यांनी दिली नाही म्हणून.

हे मी तिला काउंटरवर जमेल तसं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ह्यात आहे तरी काय?" मी शेल्फवरून त्याच रोल-ऑनचा नवा खोका काढला, चष्मा चढवला आणि बारीक अक्षरं वाचू लागले. पाणी, अॅल्युमिनियमचा क्षार, दोनतीन लांबलचक नावं, आणि मग एक शब्द, परफ्यूम. त्या एका शब्दाखाली दहा रसायनं असू शकतात किंवा शंभर, ती सांगायची सक्ती कंपनीवर नाही. कॅलिफोर्नियात याच शब्दामागचे घातक घटक जाहीर करायला लावणारा वेगळा कायदा २०२० मध्येच झाला, त्याच संस्थेच्या पाठपुराव्याने. पंचवीस वर्षं औषधं विकतेय, पण त्या बाटलीत काय आहे हे मला तिला सांगता आलं नाही.